मालगुजाराच्या पेटीतलं पाकशास्त्र

कृष्णरावांना साधा चहा करता येत नव्हता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे कुणाला त्यांची कीव यायला नको. पाण्यात आधी साखर पडते की पत्ती, स्टोव्हला पिन कुठून मारतात, दूध उतू चाललं की पळायचं कुणीकडे, यातलं काही एक या माणसाला ठाऊक नव्हतं. आणि हाच माणूस जवाहरनगरच्या सरकारी क्वार्टरात बसून मराठी स्वयंपाकाचा इतिहास लिहिणार होता.

लिहिणार होता बरं का, लिहीत नव्हता. लग्न झालं तेव्हापासून लिहिणारच होता. तोवर नुसती जमवाजमव चालली होती. जुनी पाकशास्त्रं, बायकांची मासिकं, दिवाळी अंकांतून कापलेली चकल्या-अनारशांची पानं, तुपाच्या डब्यासोबत फुकट मिळालेल्या पुस्तिका, जे हाती लागेल ते घरात येई. ज्या दारूगोळ्याच्या कारखान्यात ते कारकून होते तिथं देशभरातली माणसं. कुणाची बदली झाली की सामान बांधताना रद्दी बाहेर पडायची, आणि रद्दीवाल्याच्या आधी कृष्णराव दारात उभे. ज्या भाषेतलं एक अक्षर कळत नव्हतं तीही पुस्तकं त्यांनी घेतली. एक मद्रासी पुस्तक तर त्यांनी वर्षभर कपाटात उलटं ठेवलं होतं; समोरची मद्रासी बाई हळदीकुंकवाला आली, तिनं न बोलता सरळ केलं.

त्यांची बायको धुरपता ही करडी गावची, धानकऱ्याच्या घरची. लग्नानंतर पहिली काही वर्षं तिला राग यायचा. मग हसू यायला लागलं. पुढे तेही संपलं आणि नुसती तुच्छता उरली. रागाला अंगात जोर लागतो, तुच्छता भाजी निवडता निवडता करता येते. नवरा चुलीपाशी पुस्तक घेऊन उभा राही आणि वाचून दाखवी, की अमुक सालच्या पुस्तकात वांग्याच्या भाजीला दालचिनी सांगितली आहे. पुस्तकाचं बोलताना त्यांच्या तोंडून पुणं बाहेर पडायचं. राग आला की मात्र माणूस सरळ आपल्या गावच्या बोलीवर यायचा.

"तू पुस्तकापरमानं काहून करत नाही? दरवेळी आपलंच घुसवते."

"पुस्तकानं जेवा ना मंग," धुरपता म्हणायची. "पान फाडा अन् खा."

यावर कृष्णराव उदास हसत. थोर माणसांच्या बायका अशाच असतात, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. थोर. उंटावरचा शहाणा म्हणायचं तर खाली निदान उंट तरी असावा लागतो.

या शौकापायी घरात काय काय झालं ते सांगत बसलो तर रात्र पुरायची नाही. पलंगाखाली पुस्तकं म्हणून पोरीचं अंथरूण स्वयंपाकघरात, हे एक सांगितलं तरी बास. पोरगी एकच, चंद्रकांता. कारखान्याच्या बसनं भंडाऱ्याच्या कॉलेजात जायची, कमी बोलायची, आणि बापाच्या कपाटाला धक्का न लावता घर झाडायची कला तिला साधली होती. इतकी वर्षं धुरपतानं सगळं सोसलं, कारण कागदांनी जागा खाल्ली तरी माणूस खाल्लं नव्हतं. अठ्ठ्याहत्तर साली तीही पाळी आली.

वरठीचा भय्याजी हा धानाचा व्यापारी. स्टेशनाजवळ गोदाम, बोटांत अंगठ्या, आणि बोलताना समोरच्याच्या खिशाकडे पाहायची खोड. पुस्तकांशी त्याचं नातं तागडीपुरतं होतं. सामान गुंडाळायला तो रद्दी घेई. एकदा मोहाडीकडच्या एका मालगुजाराच्या, म्हणजे जुन्या जमीनदाराच्या घरचं सामान निघालं, त्यात पुस्तकांची एक लाकडी पेटी त्याच्याकडे आली. कृष्णराव गोदामात तांदूळ घ्यायला गेले होते. त्यांनी ती पेटी उघडी पाहिली आणि तांदळाची पिशवी तिथंच विसरून घरी आले. भय्याजी व्यापारी माणूस. ज्या मालावर कुणाचा जीव अडकतो तो माल विकायचा नसतो, नुसता दाखवत राहायचं असतं, हे त्याला शिकवावं लागलं नाही. त्या दिवसापासून तोही दर्दी झाला. चारचौघांत म्हणायला लागला, आमच्याकडे जुन्या पाकशास्त्राचा संग्रह आहे. कृष्णरावांना चहाला बोलवायचा, एक पुस्तक हातात द्यायचा, आणि चहा संपला की परत मागायचा. असे दोघं मिळाले. देव देतो नि कर्म नेतो म्हणतात. इथं देवानं काही दिलंच नव्हतं.

भय्याजीचा मुलगा ताराचंद. वय तिशीच्या पुढे, एकदा लग्न होऊन फारकत झालेली. ती पहिली बायको करडीच्या शेजारच्या गावची होती, म्हणून धुरपताला सारं माहीत होतं. माहीत म्हणजे ऐकलेलं नव्हे. माहेरी गेली असताना तिनं त्या पोरीला विहिरीवर डोळ्यांनी पाहिलं होतं. उजवा हात कोपरापासून वाकडा बसलेला. घागर डाव्या हातानं ओढत होती आणि विचारणाऱ्याला सांगत होती, की पाय घसरून पडली होती. अख्ख्या गावाला ठाऊक होतं कुणाच्या लाथेनं पाय घसरला ते.

तर या ताराचंदासाठी भय्याजीनं चंद्रकांताला मागणी घातली. आणि सोबत निरोप दिला, की सोयरीक जुळली म्हणजे पेटी काय, घरचीच. वर विश्वासाखातर पेटीतलं सगळ्यात जुनं पुस्तक कृष्णरावांच्या हाती देऊनही टाकलं. वर कव्हर नाही, सुरवातीची पानं नाहीत, मधलीही बरीच वाळवीनं नेलेली. कृष्णराव ते छातीशी धरून सायकलवरून एका हातानं घरी आले.

"त्यानं पहिलीचा हात मोडला," धुरपता म्हणाली.

"भांड्याला भांडं लागते," कृष्णराव म्हणाले. त्यांनी मान वर केली नव्हती. पानाला सुंठेचा वास येतो का ते हुंगून पाहत होते.

"मी पाह्यलं तिले माह्या डोयानं. घागर नाही उचलता येत तिले."

"तू गावच्या बायकांचं आयकते. माणूस शिकलेला आहे, घरदार आहे. अन् अशा घरात जाऊन राहिली पोट्टी, जिथं ग्रंथांची कदर आहे."

"तिले विचारलं का तुम्ही?"

"तिले काय समजते त्यातलं."

चंद्रकांता दाराआड उभी होती. धुरपतानं तिच्याकडे पाहिलं आणि तिला कळलं, की बाप इकडे वास घेतो आहे आणि तिकडे पोरीच्या तोंडचं पाणी पळालं आहे. त्या घडीला धुरपताची तुच्छताही कमी पडली. तिला भय वाटलं. ती भावाकडे निरोप पाठवणार होती, पण भाऊ येऊन करणार काय? बापानं शब्द दिला होता. पुढच्या रविवारी पाहुणे जेवायला यायचे, जेवण झालं की सुपारी फोडायची, आणि सुपारी फुटली की मागं फिरायची सोय नाही. तीनचार दिवस ती रोज बोलली. ती बोलायची आणि नवरा पान उलटायचा.

गुरुवारी संध्याकाळी कृष्णराव ते पुस्तक घेऊन स्वयंपाकघरात आले. चेहरा असा, की कारखान्यानं बढती दिली असावी.

"सापडलं. रविवारचा बेत सापडला. सुरवात फाटलेली आहे, पण मी ओळखलं. नागपूरकर भोसल्यांच्या मुदपाकखान्यातलं राजभोजन आहे हे. ऐक." आणि वाचायला लागले. "'पानाभोवती रांगोळी घालू नये. जेवणाऱ्याने मौन पाळावे. चव कशी झाली असे यजमानाने विचारू नये, व जेवणाऱ्यानेही अन्नाची वाखाणणी करू नये.' पाहा, काय खानदानी लोक. आपल्या पंगतीत नुसता गोंगाट असतो."

धुरपता कणीक मळत होती. तिचा हात मंद झाला.

"अन् वाढाचं काय?"

"उडदाचे वडे. तांदळाची खीर. कढी. कोहळ्याची भाजी. आणि भाताच्या मुदीवर काळे तीळ. पांढऱ्यावर काळं. काय नजर होती त्या लोकांची."

धुरपताचा हात थांबला. आता हे कोणत्याही शेंबड्या पोराला विचारा. भादव्यात पितृपक्ष लागला, की मेलेल्या माणसांच्या नावानं घरोघरी हेच पान वाढतात. आधी कावळ्याला घास टाकायचा, मग आपण जेवायचं, तेही मुकाट. कृष्णरावही आपल्या बापाच्या नावानं दर साली हेच जेवत होते. पण बापाच्या पितरालाही या माणसाच्या पत्रावळीशेजारी मासिक उघडं असायचं. डोळे कागदावर, हात पानावर. तोंडात काय पडतं त्याचा पत्ता नाही. अन्न म्हणजे छापलेलं, एवढंच त्यांना ठाऊक.

"अजी, हे तं" एवढं तिच्या तोंडून निघालं. आणि पुढचं तिनं गिळलं.

सोयरिकीच्या पानात पितराचं जेवण वाढलं तर कोणता माणूस हात लावेल? बघितल्याबरोबर उठेल, चपला घालेल आणि पुन्हा या दारी येणार नाही. इतकी वर्षं ती तोंडानं बोलत होती, आणि ते वाया जात होतं. आता नवरा स्वतःच्याच तोंडानं तसं पान वाढ म्हणत होता.

"पुस्तकापरमानंच करू?" तिनं विचारलं.

"अक्षर न अक्षर. तुझं काही घुसवायचं नाही."

"नाही घुसवत," धुरपता म्हणाली. लग्नानंतर नवऱ्याचं इतकं निमूटपणे ऐकायची तिची ही पहिलीच वेळ, आणि कृष्णरावांना त्याचाही संशय आला नाही.

रविवारी सकाळी चंद्रकांता कोहळं चिरायला बसली. उडदाची डाळ वाटलेली पाहिली, खिरीचं दूध पाहिलं, वाटीतले काळे तीळ पाहिले. तिनं आईकडे बघितलं.

"आई, हे तं पितराचं"

"चूप बस. चिर बारीक."

थोड्या वेळानं पोरीनं डोळे पुसले आणि कोहळं खरंच बारीक चिरलं.

दुपारी पाहुणे आले. भय्याजी, ताराचंद आणि गोदामाचा मुनीम सेवकराम. शुभकामाला तिघांनी जाऊ नये म्हणतात, म्हणून सेवकरामच्या खिशात चौथा म्हणून एक खडा ठेवला होता. भय्याजीनं बसता बसता कौतुकानं सांगितलं, की आम्ही रीतभात पाळणारी माणसं. धुरपतानं ते ऐकलं आणि तिला धीर आला. खडा घेऊन फिरणारा माणूस तीळ बघून उठणार नाही, असं कसं होईल.

पळसाच्या पत्रावळी मांडल्या. रांगोळी नाही. तिनं वाढायला घेतलं आणि मुदीवर तीळ जरा जास्तच टाकले.

पहिल्यांदा सेवकरामनं पाहिलं. खेड्यातला संसारी माणूस, त्याच्या लगेच लक्षात आलं. हात मांडीवरच राहिला आणि तो मालकाकडे बघायला लागला. मग भय्याजीनं पाहिलं. अंगठ्यांची बोटं भातावर अधांतरी थांबली.

"कृष्णराव," तो म्हणाला, "हे पान..."

"ओळखलंत ना?" कृष्णराव आनंदानं पुढे सरकले. "मी म्हटलंच होतं, बाकी कुणी ओळखो न ओळखो, भय्याजी ओळखतील. तुमच्याच पुस्तकातलं. भोसल्यांचं राजभोजन. मौन, रांगोळीचा अभाव, सगळं तसंच."

भय्याजीच्या डोक्यात काय चाललं होतं ते धुरपताला दारातून पाटीवर लिहिल्यासारखं दिसत होतं. पितराचं पान आहे हे याला कळलं होतं. पण पुस्तक याचं, पेटी याची, आणि दर्दी म्हणून मिरवणाराही हाच. आता 'हे काय वाढलं' म्हणावं, तर कारखान्याचा एक कारकून आपल्याहून जाणता ठरतो.

"हो ना," भय्याजी म्हणाला. "पाह्यताबरोबर ओळखलं. राजभोजन. काय सांगता." आणि त्यानं तिळाचा भात कालवून घास घेतला.

मालकानं घास घेतला म्हटल्यावर सेवकरामनंही मान घातली. त्याच्या घरी खाणारी तोंडं होती, त्याला दोष कोण देणार. आणि ताराचंदानं तर पानाकडे बघितलंच नव्हतं. तो वड्यामागून वडा खात होता आणि पाणी संपलं की गडवा जमिनीवर आपटत होता.

"ए," तो चंद्रकांताला म्हणाला, "आयकू नाही येत का?"

पोरीनं पाणी ओतलं. कृष्णराव तिघांकडे आळीपाळीनं पाहत होते. पुस्तकातलं मौन डोळ्यांसमोर पाळलं जाताना बघून त्यांना भरून आलं होतं. तीन जिवंत माणसं मेलेल्याचं जेवण ओरपत होती, चौथा त्यांना भक्तीनं पाहत होता, आणि कुणाच्या घशात काही अडकत नव्हतं. मूर्खाला इशारा कळत नाही हे धुरपताला माहीत होतं. दोन मूर्ख एकमेकांना साक्ष राहिले, तर पुरावासुद्धा पचवतात, हे तिला आज कळलं.

खीर संपली. कृष्णरावांनी तबकातली सुपारी पुढे घेतली.

"भय्याजी, मंग आता..."

"थांबा," धुरपता म्हणाली.

ती दारातून पुढे आली. परक्या पुरुषांच्या पंगतीत ती अशी कधी उभी राहिली नव्हती. आवाज तिनं चढवला नाही.

"भय्याजी, हे राजभोजन नाही. पितराचं पान होय. तुम्हालेही माहीत आहे, या मुनीमालेही माहीत आहे. माह्या पोरीच्या नावानं वाढलं मी. तुमच्या घरात गेली तं येत्या भादव्यात वाढाच लागन, म्हणून आजच वाढून टाकलं."

मग सेवकराम उठला. मालकाला न विचारता उठला, हात न धुता अंगणात गेला आणि तिथं गडवाभर पाण्यानं चूळ भरत राहिला.

ताराचंद उभा राहिला. पत्रावळ पायानं उडाली, कढी भिंतीवर गेली, आणि त्याचा हात वर झाला. सासू व्हायच्या बाईवर, तिच्याच घरात. आणि तो हात सरावाचा, विचार न करता उठलेला. धुरपता जागची हलली नाही. मधे चंद्रकांता आली. हात थांबला तो लाजेनं नव्हे. भय्याजीनं मागून शर्ट धरला म्हणून थांबला.

"चाल," भय्याजी म्हणाला. त्याचं तोंड काळवंडलं होतं, कारण आता अंगणातला मुनीम हे सांगितल्याशिवाय राहणार नव्हता. "कृष्णराव, माह्यं पुस्तक आणा."

कृष्णराव आत गेले. धुरपताला वाटलं, आता तरी. पोरीवर उगारलेला हात त्यांनी हातभर अंतरावरून पाहिला होता. आता तरी हा माणूस ते पुस्तक बाहेर आणून त्याच्या अंगावर फेकेल. कृष्णराव बाहेर आले. पुस्तक छातीशी घट्ट होतं.

"भय्याजी, बायकांचं काय मनावर घेता. आपण दोघं बसून बोलू ना. पोट्टा तरुण आहे, रक्त गरम आहे. समजावून सांगू."

चंद्रकांता बापाकडे बघत होती.

धुरपतानं पुढे होऊन नवऱ्याच्या हातातून पुस्तक ओढलं. त्यांनी सोडलं नाही, तेव्हा तिनं एकेक बोट सोडवलं, झोपल्या पोराच्या मुठीतून खाऊ काढावा तसं. आणि ते भय्याजीच्या हातात दिलं. भय्याजीनं ते काखेत मारलं. मोटरसायकलचा आवाज नाक्यापर्यंत ऐकू आला. सेवकराम मागून पायीच निघाला.

घरात ताराचंदाच्या कढीचा ओघळ भिंतीवरून खाली येत होता. कृष्णराव पानांच्या मधोमध बसले. धुरपता वाट पाहत होती. नवरा तिला मारेल, रडेल, निदान पोरीला जवळ घेईल. काहीही चाललं असतं.

"सुरवातीची पानं असती," कृष्णराव म्हणाले, "तर मला कळलं असतं."

धुरपतानं त्यांच्याकडे पाहिलं. ती वाकून पत्रावळी गोळा करायला लागली.

चंद्रकांतानं भिंत पुसायला फडकं घेतलं होतं. ती बापासमोर येऊन थांबली.

"मले विचारलं असतं, बाबूजी," ती म्हणाली. "मी घरातच होती."